म्हातारपणाच्या मॅडम

आमच्या मॅडमशी ज्यांनी एकदा तरी हात मिळवला, त्या सगळ्यांचा समज असा की बाई फार मायाळू. समोरच्याचा हात हातात घ्यायच्या, घट्ट दाबायच्या, क्षणभर तसाच धरून ठेवायच्या आणि त्याच्या डोळ्यांत बघायच्या. माणूस सुखावून जायचा. त्याला काय माहीत, की त्याच्या मुठीत जोर किती उरलाय याची तपासणी चाललीय आणि जिना उतरताना मॅडम मला सांगणार आहेत, "याचं काही खरं नाही. वर्षभरात कुठेतरी पडणार हा." एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात त्या स्टेजवर जाऊन नवरा-नवरीचे हात दाबून आल्या आणि खाली येऊन म्हणाल्या की नवरीची मूठ नवऱ्याहून दणकट आहे, काळजीचं कारण नाही. हातात आइस्क्रीमच्या वाट्या घेऊन उभे असलेले लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. विनोद करणं त्यांना जमत नसे. त्यांनी फक्त निरीक्षण नोंदवलं होतं.

परळच्या एका मेडिकल कॉलेजात म्हातारपणावर संशोधन करणारा एक छोटा विभाग होता, त्याच्या त्या प्रमुख. विभागाला जागा मिळाली होती ती शवागाराच्या बरोबर वरच्या मजल्यावर. ही कुणाची कल्पकता होती की निव्वळ योगायोग, ते कळायला मार्ग नाही. पण तपासणीला येणाऱ्या म्हाताऱ्यांना पत्ता सांगताना आम्ही 'कँटीनच्या मागे' असं सांगायचो. कँटीन पुढे होतंच, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटत नसे.

मी तिथे समाजसेविका म्हणून लागले. एमएसडब्ल्यू झालेली, डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली, आणि गिरणगावातल्या बऱ्याचशा म्हाताऱ्यांना घरच्या नावाने ओळखणारी. मॅडमना अगदी असंच कुणीतरी हवं होतं. कारण संशोधनासाठी त्यांना म्हातारी माणसं लागायची, आणि म्हाताऱ्या माणसांचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

त्यांचा खरा जीव उंदरांवर. पलीकडच्या इमारतीत पिंजऱ्यांमधून म्हातारे उंदीर ठेवलेले असत. त्यांच्याविषयी मॅडम जे बोलायच्या ते ऐकून वाटायचं, या बाईंना माया आहे, फक्त वाटणीत ती कुठे गेलीय बघा. "उंदीर वेळेवर असतो," त्या म्हणायच्या. "उंदीर सुनेबद्दल बोलत नाही. आणि उंदीर मला, पूर्वी असं नव्हतं हो, म्हणून सांगत नाही."

पण सरकारने मान्यता दिली होती ती माणसांवरच्या संशोधनाला. तेव्हा माणसं आणणं माझ्याकडे आणि ती सहन करणं मॅडमकडे, अशी कामाची विभागणी झाली.

विभागात कुणालाही आजी किंवा आजोबा म्हणायचं नाही, हा पहिला नियम. बाकी सगळ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे पांढरं डोकं दिसलं की 'या आजी, बसा आजोबा' करतात. मॅडम सरळ आडनावाने बोलवायच्या, आणि अहो-जाहो करायच्या. पहिल्या पहिल्यांदा बायकांना ते फार लागायचं. एक बाई तर मला बाजूला घेऊन विचारत होत्या की, माझं काही चुकलं का, बाई कोर्टात बोलवल्यासारखं का बोलवतात. मी मॅडमना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांची नात नाही. मी नात असते तर त्यांच्यावर प्रयोग केला नसता."

दुसरा नियम खुर्च्यांचा. हात न टेकता खुर्चीतून उठता आलं पाहिजे, हे मॅडमचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. त्याला जोड म्हणून त्यांनी हॉस्पिटलच्या सुताराला बोलावून विभागातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांचे हात कापून घेतले. सरकारी मालमत्तेची नासधूस म्हणून त्यांना नोटीस आली. नोटिशीला उत्तर म्हणून त्यांनी कळवलं की खुर्च्यांवर विभागाने शस्त्रक्रिया केली असून प्रकृती स्थिर आहे. मला अजूनही खात्री आहे की यातही त्यांना विनोद करायचा नव्हता. पुढे दिल्लीहून पाहणीला आलेल्या समितीतले एक वजनदार गृहस्थ त्या खुर्चीत बसले, आणि उठायच्या वेळी दोन्ही बाजूंना हात चाचपत राहिले. आम्ही धावलो. मॅडम धावल्या नाहीत. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

वाढदिवस विभागात बंद. मी नवीन असताना हौसेने त्यांचा वाढदिवस शोधून काढला आणि दादरहून केक आणला. मॅडमनी मेणबत्त्यांकडे असं बघितलं की जणू मी प्रेतयात्रेचं सामान आणलंय. केक वाया जाऊ नये म्हणून तो शेवटी रक्ताचे नमुने ठेवायच्या फ्रीजच्या नावाने कापला. फ्रीजला तेव्हाच कुठेतरी गॅरंटीची वर्षं पूर्ण होत होती.

त्यांचं स्वतःचं वय किती, हे त्यामुळे कुणाला नीट माहीत नव्हतं. केस पांढरेशुभ्र, पण ते म्हणे तिशीतच झालेले. "ते काम मी आधीच उरकून घेतलं," एवढंच त्या सांगायच्या. चालणं असं की बरोबर चालणारा धापा टाकायचा. आणि म्हातारपण लांबवण्याच्या शास्त्रात ज्यांचं नाव देशभर घेतलं जातं अशा या बाई रोज दुपारी चार वाजता कॉलेजसमोरच्या गाडीवर उभ्या राहून तळणीतून काढलेले दोन बटाटेवडे खायच्या, वर तळलेली मिरची. विद्यार्थी बघत राहायचे. एकाने धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "प्रत्येक प्रयोगाला तुलनेसाठी एक वाईट गट लागतो. तो मी."

वर्तमानपत्रवाले फोन करायचे. दीर्घायुष्याचं रहस्य काय, वाचकांना एक सल्ला द्या, म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, "रस्ता बघून ओलांडा." पलीकडचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत राहायचा. पुढचं वाक्य नसायचं. हळूहळू ते फोन दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला लागले, आणि त्यांनी बदाम, ध्यान वगैरे सांगितलं.

आता त्या मोठ्या अभ्यासाबद्दल. साखरेच्या आजारावरची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती धडधाकट म्हाताऱ्यांना दिली तर त्यांची ताकद टिकते का, चाल मंदावायची थांबते का, विसरणं कमी होतं का, असा मॅडमचा प्रश्न होता. निम्म्यांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती मिळतेय हे त्यांनाही माहीत नसणार आणि आम्हालाही नाही. हे सगळं पहिल्याच दिवशी प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं. सगळ्यांना ते समजलंही होतं. प्रत्येकाला एवढंच समजलं होतं की पीठ शेजाऱ्याला मिळतंय.

तपासणी दर मंगळवारी. भोईवाडा, लालबाग, डिलाईल रोड इथून माणसं यायची. आळीपाळीने यावं अशी व्यवस्था होती, पण हळूहळू ज्याची पाळी नाही तोही यायला लागला. कारण विचारलं तर म्हणायचे, इकडनंच चाललो होतो. मॅडम चिडायच्या. कॉरिडॉरमध्ये पिवळी रेघ मारलेली होती, त्या रेघेवरून चालून दाखवायचं. भोईवाड्याचे परब हे काम फार मनावर घ्यायचे. मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम केलेले, ऐंशीच्या आसपासचे, कोकणातले, बायको गेलेली. मंगळवारी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून यायचे. ते आठवडाभर चाळीच्या गॅलरीत सराव करतात, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं. मी मॅडमना सांगितलं. मॅडम त्यांना म्हणाल्या की ही शर्यत नाही, तुम्ही नेहमी चालता तसं चाला. परबांनी मान डोलावली आणि पुन्हा धावल्यासारखे चालले.

आणि डिलाईल रोडच्या कांबळेबाई. आमच्याच चाळीतल्या. आयुष्यभर भाजी विकलेली बाई, त्यामुळे समोरच्याचं पहिलं म्हणणं मान्य करायचं नाही ही हाडातली सवय. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात. कांबळेबाईंनी तिन्ही बरोबर सांगितले आणि मग मॅडमना म्हणाल्या, आता मी तीन सांगते, तुम्ही पुढल्या मंगळवारी सांगा. मेथी, शेपू, चवळी. मॅडमनी त्यांच्याकडे रोखून बघितलं आणि पुढच्याला बोलावलं. पुढच्या मंगळवारी कांबळेबाई आत आल्या तर मॅडमनी मान वर न करता सांगून टाकलं, मेथी, शेपू, चवळी. नंतर क्षणभर थांबल्या. मला वाटतं, शाबासकीची वाट बघत होत्या. कांबळेबाई म्हणाल्या, बरं हाय, ठीक हाय.

अशी काही वर्षं गेली. मधे लॉकडाऊन आला, तेव्हा मॅडम स्वतः प्रत्येकाला फोन करायच्या. गोळी घेतली का, एवढं विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. लोकांना त्याचंही फार कौतुक. काही माणसं गेली. ज्या मंगळवारी कुणी गेल्याचं कळायचं त्या मंगळवारी मॅडम आणखी तुसड्या वागायच्या, आणि चारला वडे खायला जायच्या नाहीत. यातून काय समजायचं ते मी समजून घ्यायचे. त्यांना विचारायची माझी छाती नव्हती.

मग अभ्यास संपला, कुणाच्या गटाला कोणती गोळी होती ते उघड झालं, आणि आकडे आले. गोळीचा काहीही उपयोग झालेला नव्हता. खरी गोळी घेतलेले आणि पीठ खाल्लेले, सगळे सारख्याच वेगाने म्हातारे झाले होते.

मॅडमनी ते कागद दिवसभर पुन्हा पुन्हा बघितले. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं होईल." बस. आयुष्याची चांगली वर्षं त्यात गेली होती. मी चहा आणू का विचारलं. त्या म्हणाल्या, चहाने काय होणार आहे.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. आमच्या डीनसाहेबांना एक दीर्घायुष्य केंद्र उभं करायचं होतं. देणगीदार तयार होता, काचेच्या इमारतीचं चित्र त्यांच्या केबिनमध्ये लागलं होतं. चित्रातले म्हातारे इतके तुकतुकीत होते की त्यांना आमच्या मंगळवारात कुणी आत घेतलं नसतं. मॅडमची निवृत्ती अगदी तोंडावर आली होती, आणि निवृत्तीनंतर त्याच केंद्राच्या संचालक होणार हे जवळजवळ ठरलेलं. माझी कंत्राटी नोकरीही तिकडेच सरकणार होती. फक्त अभ्यासाचा निकाल जरा बरा दिसायला हवा होता.

डीनसाहेबांनी आम्हाला बोलावलं. फार गोड माणूस. त्यांनी कुणाकडून तरी आकडे पिळून घेतले होते, आणि पिळल्यावर एक थेंब निघाला होता. पंच्याहत्तरीच्या आतल्या, बारीक अंगाच्या बायकांमध्ये डाव्या हाताची मूठ किंचित सुधारल्यासारखी दिसत होती. साहेब म्हणाले की आपण 'अपयश' असले शब्द टाळू, 'आशादायक संकेत' म्हणू. त्यात खोटं काहीच नाही.

"डाव्या हाताने म्हातारपण थोपवणार का?" मॅडमनी विचारलं.

साहेब हसले. मग समजुतीच्या सुरात बोलत राहिले. केंद्र, देणगीदार, तुमच्या हाताखालच्या माणसांचं भवितव्य. शेवटच्या मुद्द्याला त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेहरा शक्य तेवढा भवितव्यासारखा केला. खरं सांगायचं तर मला त्या डाव्या हाताविषयी अचानक आपुलकी वाटायला लागली होती.

मॅडम म्हणाल्या की निकाल आहे तसा छापला जाईल. आणि छापण्याआधी ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना सांगितला जाईल. साहेबांना हे दुसरं काही कळेचना. असं कुणी करत नाही, म्हणाले. फारच वाटत असेल तर प्रत्येकाला एक पत्र पाठवा.

"पत्र?" मॅडम म्हणाल्या. "त्यांनी रक्त पोस्टाने पाठवलं होतं का?"

कॉलेजचा हॉल मिळाला नाही, हे सांगायला नकोच. त्या दिवशी तिथे रंगकाम निघालं. मी आमच्या चाळीमागच्या बुद्धविहाराच्या कमिटीशी बोलले, त्यांनी वरचा हॉल दिला. रविवार सकाळ ठरली. मॅडमनी मला सांगितलं होतं की लोकांना फक्त 'निकाल सांगायचा आहे' एवढंच कळवायचं. मी तेवढंच कळवलं. पण आपल्याकडे निकाल म्हटलं की लोक पास होण्याच्याच तयारीने येतात. रविवारी मी हॉलवर पोचले तर बायका ठेवणीतली लुगडी आणि विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. परबांनी कोट घातला होता. सत्कार आहे, शाल-श्रीफळ आहे, अशी बातमी भोईवाड्यापर्यंत पोचली होती. कुणीतरी गुलाबाचा हार आणला होता, मॅडमना घालायला. तो टेबलावर मधोमध ठेवला होता.

मॅडम आल्या, चपला काढल्या, सरळ पुढे जाऊन उभ्या राहिल्या. हार बाजूला सरकवला. प्रस्तावना, स्वागत, उपस्थितांचे आभार यांतलं काही नाही.

"गोळीचा उपयोग झाला नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना खरी मिळाली त्यांनाही नाही. मला वाटलं होतं होईल. माझा अंदाज चुकला."

 लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते. वर्तमानपत्रवाल्यांसारखीच.

मग एक एक प्रश्न सुरू झाले. कांबळेबाई उठल्या. त्यांचं म्हणणं असं की त्यांचे गुडघे या गोळीने थांबलेत, हे सगळ्या चाळीला माहीत आहे, मग उपयोग नाही असं कसं. मॅडमना सगळ्यांचे गट पाठ झाले होते. दुसरा कुणी असता तर त्याने हे पुढे कधीतरी, एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं.

"तुमच्या गोळीत पीठ होतं," मॅडम म्हणाल्या.

 कांबळेबाईंनी खाली वाकून आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, जणू गुडघ्यांनी इतकी वर्षं त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं. आणि खाली बसल्या.

लालबागहून एका बाईंबरोबर त्यांचा मुलगा आला होता. तो भडकला. म्हणजे इतकी वर्षं आमच्या आईचं रक्त काढलं, तिच्यावर प्रयोग केला, आणि हातात काही नाही, असं तो बोलायला लागला. आवाज चढला. बाकीचेही कुजबुजू लागले. मी मॅडमच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण मला वाटलं, आता त्या त्याला शास्त्र शिकवणार आणि मग पोलीस बोलवावे लागणार. पण मॅडम फक्त "हो" म्हणाल्या. प्रयोग केला का? हो. हातात काही नाही? हो. तो मुलगा जे जे म्हणत होता त्याला त्या हो म्हणत गेल्या, आणि भांडायला दुसरी बाजूच नसल्यामुळे त्याचा आवाज आपोआप उतरत गेला. मॅडमचे हात मागे होते. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं, त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं.

तेव्हा परब उठले. हात न टेकता उठले, पण त्या दिवशी ते कुणी मोजत नव्हतं. ते शांतपणे बोलले, थोडं मालवणी, थोडं इकडचं. म्हणाले, "संपानंतर मी मिलवर गेलो. गेटाला कुलूप. मॅनेजर मागल्या दारानं जायचा. मालक कोणी बघलाच नाही. त्यानंतर कोर्ट झाली, मोर्चे झाले, जाग्यावर टॉवर झालो. पण मिल बंद झाली असं आजपर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही. एक माणूस येऊन सांगूक नाय." त्यांनी मॅडमकडे हात केला. "ह्या बाई आल्या, समोर उभ्या राहून सांगितलं. आता ओरडून काय उपयोग नाय. बस खाली, बाबा."

तो मुलगा बसला. परब पण बसले आणि कोटाची बटणं सोडायला लागले, गरम होत होतं.

मला वाटलं, संपलं. एवढ्या चांगल्या जागी कुठलीही सभा संपते. पण कांबळेबाई परत उठल्या. गोळीचं जाऊ दे, त्या म्हणाल्या, आता मंगळवारी यायचं की नाही? मॅडम म्हणाल्या की अभ्यास संपला, विभाग बंद होतोय, त्या स्वतः निवृत्त होतायत, तेव्हा नाही.

"म्हणजे मंगळवार पण गेला," कांबळेबाई म्हणाल्या.

गोळी फुकट गेली म्हटल्यावर प्रश्न विचारणारी माणसं आता खाली फरशीकडे बघायला लागली. कोणी कोणाकडे बघेना. मी मात्र मॅडमकडे बघत होते, कारण अशा वेळी भल्याभल्यांचे डोळे भरून येतात आणि मला ते एकदा बघायचं होतं. मॅडमच्या कपाळावर आठी आली.

"मंगळवारचा उपयोग होतो की नाही," त्या हळूहळू म्हणाल्या, "हे आपण मोजलेलंच नाही."

निकाल जसाच्या तसा छापून आला. कुठल्याशा परदेशी मासिकाच्या शेवटच्या पानांत, जिथे यश न आलेल्या गोष्टींना जागा देतात. मॅडमना मुदतवाढ मिळाली नाही. दीर्घायुष्य केंद्र झालं, फार सुंदर झालं, बदाम आणि ध्यान सांगणारे डॉक्टर तिथे संचालक झाले. खुर्च्यांना हात आहेत, मऊ गादीचे. मला रे रोडला एका संस्थेत काम मिळालं. निरोपसमारंभाला डीनसाहेब मॅडमविषयी पुष्कळ बोलले. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला, दाबला, आणि मला नंतर काहीच सांगितलं नाही. हे मला जरा काळजीचं वाटलं.

निवृत्तीनंतर महिन्याभरात त्यांचा फोन आला. विहाराचा हॉल मंगळवारी सकाळी मिळेल का? मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, बाईंना शेवटी माणसं कळली. कमिटीने आनंदाने हॉल दिला. पहिल्या मंगळवारी सगळे जमले, आणि मॅडमनी पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या.

निम्म्यांनी दर मंगळवारी हॉलवर यायचं, बसायचं, बोलायचं. निम्म्यांनी यायचं नाही, आपापल्या घरी थांबायचं. दोन वर्षांनी दोन्ही गट तपासायचे, आणि मंगळवारचा उपयोग होतो का ते बघायचं. ज्याच्या चिठ्ठीत जे येईल ते. माणसं कळली होती, पण तुलनेसाठी गट हवाच होता.

परबांना 'यायचं' आलं. त्यांनी चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली, आणि घरी थांबणाऱ्यांकडे असं बघितलं की जणू त्यांची चाल आधीपासूनच संशयास्पद होती. कांबळेबाईंना 'घरी' आलं. त्यांनी चिठ्ठी उलटी करून बघितली. मागे काही नव्हतं. भाजीवाल्या बाईला भाव करायला जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या मंगळवारी ऑफिसला जाता जाता मी डोकावले. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी. हॉलमध्ये 'यायचं' वाले बोलत होते, मॅडम न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकत होत्या. आणि दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर कांबळेबाई बसल्या होत्या. आत यायचं नाही म्हणून बाहेर.

मॅडमनी त्यांना बघितलं आणि त्या दारापाशी गेल्या. तुम्ही घरच्या गटात आहात, म्हणाल्या. कांबळेबाई म्हणाल्या की घरी कोण आहे, सगळी कामाला जातात, भिंतीशी बोलू का? मॅडम म्हणाल्या की अभ्यास तोच तर आहे. दोन वर्षांनी गट बदलतील, तेव्हा तुम्ही या.

"आन् दोन वर्षांनी मी नसंन तर?" कांबळेबाईंनी विचारलं.

त्या काही भांडून विचारत नव्हत्या. मेथी कशी दिली विचारावं तसं विचारत होत्या. या बाबतीत माहीत असेल तर याच बाईंना, अशा भरवशाने त्या वर बघत होत्या. आणि माहीत होतं. कांबळेबाईंचे इतक्या वर्षांचे सगळे आकडे मॅडमना पाठ होते, आणि आकड्यांवरून माणसाचं पुढचं सांगायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. जिना उतरताना त्या ते कुणाबद्दलही सांगून टाकायच्या.  

त्या दिवशी मात्र त्या मागे वळल्या, खिडकीपाशी गेल्या, खुर्चीवरची पिशवी उचलली आणि खाली फरशीवर ठेवली.

कांबळेबाईंनी चपला काढल्या आणि आत येऊन बसल्या. अभ्यासाचं वाटोळं झालं ते तेव्हाच. त्याच्या पुढच्या मंगळवारी घरच्या गटातले झाडून सगळे हजर होते, कुणाच्या हातात डबा, कुणाबरोबर शेजारीण, आणि मॅडम दारात उभ्या राहून माझ्यावर डाफरत होत्या की खुर्च्या इतक्या कमी कशा आणल्या.